बेदरच्या वाटेवर : हैदराबादहून बीदर, अष्टूर आणि बसवकल्याण

हैदराबादपासून सुमारे १४० किलोमीटरांवर बीदर आहे आणि बीदरच्या पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरांवर बसवकल्याण. दोन्ही गावे आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात येतात. पहाटे हैदराबाद सोडले तर दोन्ही पाहून रात्री परतता येते. हैदराबादकर सुट्टीच्या दिवशी हा फेरा करतात तो बहुधा किल्ला आणि गुरुद्वारा यांसाठी. पण या वाटेला त्याहून मोठे महत्त्व आहे. हैदराबाद वसले १५९१ मध्ये. ते वसवणाऱ्या कुतुबशाहीचा मूळपुरुष सुलतान कुली हा बीदरच्या बहमनी दरबारात चाकरीला लागलेला सरदार. तेलंगणाचा सुभा मिळाला तेव्हा त्याने गोवळकोंड्याला बस्तान बसवले. म्हणजे हैदराबादहून बीदरला जाणे हे धाकट्या राजधानीतून थोरल्या राजधानीकडे जाणे आहे, आणि पुढे बसवकल्याणला जाणे म्हणजे आणखी चारशे वर्षे मागे सरकणे.

मराठी वाचकाला तर बीदर परके नाही. संतचरित्रांतला आणि बखरींतला ‘बेदरचा बादशहा’ तो इथला. जुन्नर, माहूर, दौलताबाद, चौल, दाभोळ, मंगळवेढे या सगळ्यांचा कारभार पंधराव्या शतकात ज्या तख्ताकडे पाहून चाले, ते तख्त इथे होते. तरी देवगिरी आणि विजापूर पाहणारा मराठी प्रवासी बीदर सहसा वगळतो. ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

पुण्याहून सोलापूरमार्गे मछलीपट्टणम्‌ला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ हैदराबादेतून पश्चिमेकडे निघतो तो पटानचेरू, संगारेड्डी करत जहीराबादला येतो. तिथे महामार्ग सोडून उजवीकडे वळले की तीसेक किलोमीटरांवर बीदर. या शेवटच्या टप्प्यात काळी जमीन संपते आणि तांबडी माती सुरू होते. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. कोकणातल्या माणसाला हा दगड नवा नाही. खाणीत असताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि उघड्यावर हवा लागली की कठीण होत जातो. या जांभ्याच्या थराखाली दख्खनचा काळा कातळ आहे. बीदरची तटबंदी, खंदक, पाण्याची सोय, एवढेच काय तिथली हस्तकलाही या जमिनीच्या घडणीतून आलेली आहे, म्हणून शहर पाहण्याआधी त्याची माती पाहावी.

बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये दौलताबादेत झाली आणि राजधानी गुलबर्ग्याला गेली. १४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशहाने ती बीदरला हलवली. कारणे उघड होती. बीदर राज्याच्या मध्याजवळ होते, हवा थंड होती, पाणी होते, आणि पठाराच्या कडेवर किल्ला बांधला तर उत्तर आणि पूर्व बाजूला उतार आपोआप राखण करणार होता. गुलबर्ग्याच्या दरबारातली भाऊबंदकी आणि रक्तपातही मागे टाकायचा असावा. आधीपासूनच असलेल्या जुन्या कोटाच्या जागी नव्या किल्ल्याचे काम १४३२ च्या सुमारास पुरे झाले.

या किल्ल्याचा खंदक प्रथम पाहावा. जिथे पठार सपाट आहे आणि शत्रू सहज येऊ शकतो त्या बाजूला जांभा कापून एकापाठोपाठ एक असे तीन खंदक केले आहेत. मधल्या भिंती बांधलेल्या नाहीत, मूळ खडकच तसाच ठेवला आहे. खंदकातून निघालेला दगड तटाला वापरला गेला. त्यापुढे शरझा दरवाजा लागतो. त्याच्यावर दोन वाघ कोरलेले आहेत आणि १५०३ चा शिलालेख आहे. शरझा दरवाजातून आत, मग गुंबद दरवाजातून आणखी आत गेले की रंगीन महाल. तो बहमनींच्या नंतरच्या बरीदशाही काळात अली बरीदने सजवला. काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली नक्षी, कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरच्या रंगीत फरशा असा तिन्ही प्रकारचा हुन्नर या एका छोट्या दालनसमूहात आहे. तो बहुधा कुलूपबंद असतो, पण पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्याला विनंती केली तर उघडून दाखवतात. विचारल्याशिवाय परतू नये. संपूर्ण किल्ल्यात इतके नाजूक काम दुसरे नाही.

सोळा खांबी मशीद ही किल्ल्यातली सर्वांत जुनी मोठी इमारत, १४२३-२४ ची. राजधानी पुरती हलण्याआधीच ती उभी राहिली होती. गोल, जाडजूड खांबांच्या रांगा आणि त्यांवरचे बसके कमानछत यांत गुलबर्ग्याची छाप अजून दिसते. मार्च १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदरला वेढा घातला. किल्लेदार सिद्दी मर्जान दारूगोळ्याच्या स्फोटात जायबंदी होऊन मेला आणि किल्ला पडला. त्यानंतर याच मशिदीत शहाजहानच्या नावाने खुतबा वाचला गेला. त्या पलीकडे तख्त महालाचे अवशेष आहेत. त्याच्या कमानीच्या कोपऱ्यांत वाघ आणि त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य असे चिन्ह फरशांत घडवलेले होते. हे चिन्ह इराणकडचे, आणि ते इथे कसे आले हे गावातली मदरशाची इमारत पाहिली की उमगते.

ख्वाजा महमूद गावान हा इराणच्या गिलान प्रांतातला. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून दाभोळला उतरला आणि बीदरला आला. पुढे तीन सुलतानांच्या कारकिर्दींत तो राज्याचा मुख्य कारभारी झाला. महाराष्ट्राच्या इतिहासाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. कोकणातल्या खेळणा किल्ल्याने, म्हणजे आजच्या विशाळगडाने, बहमनींना फार छळले होते. १४५३ मध्ये शिर्क्यांनी मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याच्या फौजेला रानात नेऊन तिथे कापून काढले होते. गावानने १४६९ पासून कोकणची मोहीम हाती घेतली, रान तोडत, पावसाळ्यात माघार घेत, पुन्हा येत त्याने खेळणा आणि संगमेश्वर घेतले आणि १४७२ मध्ये विजयनगरच्या ताब्यातले गोवेही जिंकले. त्याची पत्रे फारसी गद्याचा नमुना म्हणून जपली गेली आहेत आणि त्यांत या मोहिमांचे तपशील येतात.

राज्यकारभारात त्याने केलेला बदल याहून मोठा. चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, राज्य त्याने आठ तरफांत वाटले. वऱ्हाडचे गावील आणि माहूर झाले, दौलताबादेतून जुन्नर वेगळे निघाले, गुलबर्ग्यातून विजापूर, तेलंगणातून राजमहेंद्री आणि वरंगळ. तरफदाराच्या हाती एकच किल्ला राहील, बाकीचे किल्लेदार थेट सुलतानाने नेमायचे, आणि प्रत्येक तरफेतली काही गावे खालसा करून त्यांचा वसूल मध्यवर्ती खजिन्यात यायचा, अशी रचना होती. ज्यांचे हात यामुळे बांधले गेले ते सरदार अर्थातच गप्प बसले नाहीत. दख्खनी विरुद्ध परदेशातून आलेले आफाकी असा दरबारातला जुना वाद त्यांच्या कामी आला. गावानच्या मोहरेच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र तयार झाले आणि दारूच्या धुंदीतल्या मुहम्मदशहाने ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या आपल्या वजिराचा शिरच्छेद करवला. खरे काय ते कळल्यावर सुलतानाने शोक केला म्हणतात, पण तोही वर्षभरात मेला. पुढच्या काही दशकांत गावानने वाटलेल्या तरफांचे अधिकारी स्वतंत्र झाले: अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, वऱ्हाडची इमादशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि बीदरातच बरीदशाही. शहाजीराजांच्या काळातले दख्खनचे राजकारण ज्या पाच शाह्यांतून घडले, त्यांचे बीज या एका खुनात पडले.

गावानचा मदरसा किल्ल्याच्या दक्षिणेला, भर वस्तीत आहे. १४७२ मध्ये पूर्ण झालेली ही तीन मजली इमारत सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद आहे. मधल्या चौकाच्या चारही बाजूंना मध्यभागी एकेक भव्य कमानदालन, त्यांच्या दोन्ही बाजूंना विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि दर्शनी कोपऱ्यांना मनोरे ही घडण समरकंद, हेरात आणि खुरासानच्या मदरशांची. भारतात तशी दुसरी इमारत नाही असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ग्रंथालयात ३,००० हस्तलिखिते होती असे सांगतात. आज उभ्या असलेल्या एकुलत्या मनोऱ्यावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांची नागमोडी नक्षी अजून टिकून आहे. दर्शनी भागाचा निम्मा हिस्सा मात्र नाही. मोगल काळात इथे दारूगोळा साठवला होता आणि १६९६ मध्ये वीज पडून त्याचा स्फोट झाला. विद्यार्जनासाठी बांधलेली वास्तू दारूच्या कोठारासाठी वापरली गेली, ही दख्खनच्या इतिहासातली फार वाईट घटना आहे.

गावानच्या काळातल्या बीदरचे वर्णन एका रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. अफनासी निकितीन हा त्वेर गावचा. तो होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला, पालीवरून जुन्नरला पोचला आणि पावसाळा तिथे काढला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दटावले. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने तो सुटला. पुढे तो बीदरला राहिला. सुलतान आणि सरदार यांच्या मिरवणुका, सोन्याने मढवलेले हत्ती, घोडे, पालख्या यांचे वर्णन त्याने तपशिलाने केले, आणि त्याच बरोबर खेड्यातली रयत किती दरिद्री आहे आणि सरदार किती ऐषारामात आहेत हेही नोंदवले. परतताना तो दाभोळला जहाजावर चढला. त्याची वही वाचल्यावर कोकण किनारा, घाट, जुन्नर आणि बीदर यांना जोडणारी घोड्यांच्या व्यापाराची वाट नकाशावर आखता येते. अरबी घोड्यांवाचून दख्खनची कोणतीही फौज चालत नव्हती.

रयतेचे दारिद्र्य आणि बादशहाचे कोठार यांची दुसरी कथा मराठी घराघरात पोचलेली आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात सरकारी अंबार फोडून धान्य वाटतात, बेदरहून बोलावणे येते, आणि त्यांच्या आधी विठू महाराच्या रूपात विठोबा दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरून पावती घेतो. संतकथा म्हणून ती ऐकली जाते, पण मंगळवेढे ते बीदर हे अंतर आणि अधिकाराची ती साखळी खरी होती, हे किल्ल्याच्या आत उभे राहिल्यावर ठसते.

शहराच्या कडेला नौबाद इथे करेझ आहे. जमिनीखालून दोन किलोमीटरांहून लांब बोगदा खोदून त्याला ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडल्या आहेत. तंत्र इराणचे, पण इथल्या जमिनीला अगदी चपखल बसणारे. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली झिरपते आणि अभेद्य काळ्या कातळावर अडते. त्या सांध्यावर बोगदा काढला की पाणी मोटेशिवाय, उतारानेच वाहून येते. उभ्या विहिरी खोदकामाच्या वेळी माती वर काढायला, आणि पुढे हवा खेळायला आणि पाणी शेंदायला उपयोगी पडल्या. स्थानिक लोक त्याला ‘सुरंग बावी’ म्हणतात. गेल्या दशकात गाळ उपसून काही भाग खुला केला गेला. वस्ती आणि बांधकामे वर पसरत राहिली तर तो पुन्हा बुजेल, म्हणून तो जपणे आवश्यक आहे.

बीदरचे नाव जगात गेले ते बिद्रीकामामुळे. जस्त आणि थोडे तांबे यांचा रस साच्यात ओततात. घडलेले भांडे कानशीने घासून त्यावर मोरचुदाचे पाणी लावतात, म्हणजे ते तात्पुरते काळे पडते आणि रेखाटन दिसते. मग टोकदार सळईने नक्षी काढून छिन्नीने खाचा पाडतात आणि त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. शेवटी भांडे तापवून किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचे लिंपण चोळले की जस्त कायमचे काळे होते आणि चांदीला काही होत नाही. या मातीसाठी कारागीर किल्ल्याच्या अशा कोपऱ्यात जातात जिथे वर्षानुवर्षे ऊन-पाऊस लागलेला नाही, आणि योग्य माती जिभेला लावून ओळखतात. बिद्रीकामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. चौबारा या जुन्या टेहळणी बुरुजाच्या आसपासच्या गल्ल्यांत दुकानाच्या मागेच काम चाललेले असते. एखादी लहान डबी घ्यावी आणि ती कशी झाली हे पाहून घ्यावे. हाताच्या कष्टाच्या मानाने किंमत जास्त वाटत नाही.

अष्टूर शहराच्या पूर्वेला सुमारे तीन किलोमीटरांवर आहे. वाटेत चौखंडी लागते. ती किरमानच्या शाह निमतुल्ला वलींचे पुत्र खलीलुल्ला यांची अष्टकोनी समाधी. अहमदशहाने या सूफी घराण्याला इराणहून बोलावून घेतले होते. अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी एका रांगेत आहेत. हुमायूनशहाच्या कबरीवर वीज पडून घुमट दुभंगला आणि अर्धा कोसळला. त्यामुळे घुमटाचा उभा छेदच पाहायला मिळतो: भिंतींची जाडी, वर जाताना हलक्या होत गेलेल्या विटा, आणि आतला व बाहेरचा आकार यांतला फरक. बांधकामशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही.

पण अष्टूरला वेळ द्यायचा तो अहमदशहा वलीच्या कबरीला. हा सुलतान १४३६ मध्ये वारला. दुष्काळात त्याने टेकडीवर जाऊन प्रार्थना केली आणि पाऊस पडला, म्हणून लोक त्याला वली म्हणू लागले अशी आख्यायिका आहे. कबरीच्या आतल्या भिंती आणि घुमट शेंदरी, निळ्या, सोनेरी रंगांनी भरून गेले आहेत. सूफी परंपरेची वंशावळ आणि वचने वळणदार अक्षरांत लिहिलेली आहेत. दरवर्षी त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो. लिंगायत भाविक त्याला शरण, म्हणजे लिंगायत संत, अल्लमप्रभूचा अवतार मानतात, आणि उरुसाला कलबुर्गीकडच्या (म्हणजे जुन्या गुलबर्ग्याकडच्या) माड्याळ गावचे जंगम आपल्या मंडळींसह येऊन फुले वाहतात. सुलतान, सूफी आणि शरण या तिघांना एका कबरीपाशी एकत्र आणणारी ही चाल आजही जिवंत आहे, आणि बीदरची सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल.

शहराच्या पश्चिमेला बरीदशाही कबरी आहेत. १५७७ मध्ये बांधलेली अली बरीदची कबर चारही बाजूंनी मोकळी आहे, त्यामुळे वारा आत खेळतो. त्या जवळच गुरुद्वारा नानक झिरा साहिब. गुरु नानकांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी इथे गोड्या पाण्याचा झरा प्रकट केला अशी श्रद्धा आहे. खालशाच्या पहिल्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग बीदरचे होते. दुपारच्या जेवणाला लंगर सर्वांना खुला असतो.

बीदरहून हुमनाबादकडे जाताना जलसंगी गाव लागते. तिथल्या चालुक्यकालीन शिवमंदिराच्या भिंतीवर एक सुंदरी पाठमोरी उभी राहून दगडावर अक्षरे लिहिते आहे, आणि ती लिहिते आहे विक्रमादित्याची स्तुती. हा विक्रमादित्य म्हणजे कल्याणचा सहावा विक्रमादित्य, कारकीर्द १०७६ ते ११२६. हुमनाबादलगत माणिकनगर आहे. माणिकप्रभूंचे पीठ एकोणिसाव्या शतकातले असल्याने या लेखाच्या काळात बसत नाही, पण त्यांची मराठी पदे महाराष्ट्रात गायली जात असल्याने अनेक मराठी प्रवाशांची ती ओळखीची खूण असते.

पुढे लागते बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याण, कल्याणी चालुक्यांची राजधानी. पहिल्या सोमेश्वराने अकराव्या शतकाच्या मध्यात ती मान्यखेटाहून इथे आणली. काश्मीरचा बिल्हण याच दरबारात आला आणि त्याने ‘विक्रमांकदेवचरित’ लिहिले. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘मिताक्षरा’ टीका इथे रचली. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हक्क कोणाला, वाटणी कशी, याबाबत बंगाल सोडून जवळजवळ सर्व भारतात, महाराष्ट्रातही, हिंदू कायदा शतकानुशतके या ग्रंथाच्या आधाराने चालला. तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ ११२९ चा. राज्यनीतीपासून पाककलेपर्यंत सगळे त्यात आहे. एवढे वैभव असूनही चालुक्यांचे कल्याण आज जमिनीवर फारसे दिसत नाही. जो किल्ला उभा आहे तो बहुतेक बहमनी आणि नंतरच्या काळातला. जुन्या देवळांचे कोरीव दगड त्याच्या तटात बसलेले दिसतात आणि किल्ल्यातल्या छोट्या संग्रहालयात काही मूर्ती आहेत. १६५७ मध्ये बीदरनंतर औरंगजेबाने हाही किल्ला घेतला. पुढे इथले नवाब हैदराबादेत राहू लागले. त्यांच्या हवेलीत शिजणाऱ्या बिर्याणीवरून ‘कल्याणी बिर्याणी’ निघाली असे हैदराबादेत सांगतात.

कल्याणला खरा दबदबा मिळवून दिला तो बसवण्णांनी. कलचुरी बिज्जळाने चालुक्यांची सत्ता बळकावली, त्याच्या दरबारात बसवण्णा भांडारी होते. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांच्या सभेला अनुभव मंटप म्हणतात. अल्लमप्रभू तिचे अध्यक्ष आणि अक्कमहादेवींसारखी स्त्री तिथे बरोबरीने बोलणारी. चांभार हरळय्याच्या मुलाचे लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागले. बिज्जळाने दोन्ही बापांना देहान्त शासन केले आणि ११६७-६८ च्या सुमारास कल्याणात दंगल उसळून बिज्जळाचा खून झाला. शरण पांगले, वचने मात्र राहिली. त्या परंपरेने पुढे मराठीतही लिहिणारे संत दिले. कपिलधारचे मन्मथस्वामी त्यांतले. १९५६ मध्ये गावाचे नाव बसवकल्याण झाले, २०१२ मध्ये १०८ फुटांचा बसवण्णांचा पुतळा उभा राहिला आणि २०२१ मध्ये नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली.

१९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातला. राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. म्हणून बीदरच्या बाजारात कन्नड, दख्खनी, मराठी आणि तेलुगू एकाच दुकानात ऐकू येतात. दख्खनीतले सर्वांत जुने काव्य मानले जाणारे निजामीचे ‘कदमराव पदमराव’ याच बीदरात पंधराव्या शतकात लिहिले गेले.

दिवसाची आखणी करताना किल्ला सकाळच्या उन्हात, मदरसा आणि चौबारा त्यानंतर, अष्टूर दुपारच्या आधी असा क्रम ठेवावा. नौबादचा करेझ जाता जाता पाहता येतो. बीदरहून दुपारी दोनच्या आत निघाले तर जलसंगी पाहून बसवकल्याणला उजेड असताना पोचता येते, आणि तिथून महामार्ग ६५ धरून हैदराबाद सुमारे चार तासांवर राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या तटावर फिरणे जिकिरीचे होते. रेल्वेने यायचे तर हैदराबादहून विकाराबाद, जहीराबादमार्गे बीदरला गाड्या आहेत, पण मग एका दिवसात बसवकल्याण जमत नाही. लातूर, उदगीरकडून येणाऱ्या मराठी प्रवाशाला बीदर हैदराबादपेक्षा जवळ पडते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला जिथे नमवले ते उदगीर बीदरपासून साधारण ७० किलोमीटरांवर आहे, आणि त्या बाजूने आल्यास उदगीरचा भुईकोट किल्लाही या फेऱ्यात जोडता येतो.